पोरगं टँकरवर असतं

आमच्याकडे टँकर म्हणजे पाण्याचा. जांबे, नेरे, मारुंजी या पट्ट्यात शेतांच्या जागी सोसायट्या उगवल्या आणि सोसायट्यांच्या मागोमाग टँकर उगवले. मार्च लागला की कोंबडा आरवायच्या आधी टँकरचा रिव्हर्सचा भोंगा वाजतो. त्यामुळे पुतण्याच्या लग्नाच्या बोलणीत आमच्या दादाने छाती फुगवून "पोरगं टँकरवर असतं" असं सांगितलं, तेव्हा मुलीच्या मामांनी पोह्यांचा घास गिळत अगदी सहज विचारलं, "मग दिवसाला किती खेपा पडतात?"

दादा गडबडला. "तसला नव्हे हो. गॅसचा."

"हां, हायवेवरचा. हेवी लायसन असंल मग."

"हायवेवरचा नव्हे. समुद्रातला. बोट असते ती."

मामांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. बाहेर ऊस होता. उसापलीकडे बावीस मजल्यांचा टॉवर होता आणि टॉवरपलीकडे आणखी एक, अर्धा. बोट लागावी अशी जागा त्यांना कुठे दिसली नसावी. ते "बरं" म्हणाले आणि उरलेले पोहे संपवले.

मामांच्या प्रश्नाला उत्तर होतं. पण चांगली उत्तरं पाहुणे गेल्यावर सुचतात, तसं ते आम्हाला दोन दिवसांनी सुचलं. पुतण्या ज्या जातीच्या बोटीवर आहे तिच्या पोटात साधारण ८४ हजार घनमीटर गॅस मावतो, तोही पातळ केलेला. म्हणजे ८ कोटी ४० लाख लिटर. आमच्या सोसायट्यांना येणारा टँकर दहा हजार लिटरचा असतो (हे टँकरवाल्याचं म्हणणं, टाकीचं म्हणणं वेगळं असतं). तेव्हा मामा, हिशेब असा की पोराच्या एका खेपेत तुमच्या ८,४०० खेपा. त्या गॅसचं वजन ४५ हजार टनांच्या घरात जातं आणि घरगुती १४.२ किलोच्या सिलेंडरमध्ये तो भरायचा म्हटला तर ३१ लाखांहून जास्त सिलेंडर लागतील. आमची वहिनी एक सिलेंडर पावणेदोन महिने पुरवते. म्हणजे एका बोटीवर तिचा स्वयंपाक साडेचार लाख वर्षं चालेल. मी हे कागदावर मांडून तिला दाखवलं. ती म्हणाली, "पाहुणे आले नाहीत तर."

कोकणात हा घोळ होत नाही. दापोली-हर्णैकडे "मुलगा बोटीवर असतो" एवढं वाक्य पुरतं. पुढचं ऐकणारा स्वतःच भरून घेतो. गोव्यात तर अशा माणसाला तारवटी असा स्वतंत्र शब्दच आहे. आमच्याकडे घाटावर बोट म्हणजे हाताला असतं ते.

आणि गंमत अशी की बोटीवरची माणसं तयार करायचं काम घाटावरच जोरात चालतं. एकट्या पुणे जिल्ह्यात इंदुरीला तोलाणी मेरिटाइम इन्स्टिट्यूट आहे, टाकव्याला लोणावळ्याच्या अलीकडे समुंद्र इन्स्टिट्यूट आहे, लोणी काळभोरला मॅनेट आहे. पांढऱ्या गणवेशातली, खांद्यावर पट्ट्या लावलेली पोरं तळेगाव स्टेशनवर वडापाव खाताना दिसतात. जिल्ह्याला समुद्र नाही, पण त्यावाचून कुणाचं अडलेलं नाही. आवारातच जमिनीवर जहाजाची आख्खी इंजिन रूम उभी करतात आणि पोरं त्यात शिकतात. इंदुरीच्या पोरांना सगळ्यांत जवळचं पाणी इंद्रायणीचं. त्या पाण्यावर तरलेली नाव घेण्याजोगी गोष्ट म्हणजे तुकोबांची गाथा. लोणी काळभोरला मुळा-मुठा आहे, आणि तिच्यात उतरायचं धाडस पट्टीचा दर्यावर्दीही करणार नाही. गावात कुणी नाक मुरडलंच तर मी आंग्र्यांचा दाखला देतो. ज्या आंगरवाडीवरून त्यांना ते आडनाव पडलं, ती पुणे जिल्ह्यातलीच. यावर पारावरचे तात्या एकदा म्हणाले, "ते लढायला गेले हुते. ह्यो सिलेंडर पोचवायला गेलाय." तात्यांशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

पुतण्या पहिल्यांदा सुट्टीवर आला तेव्हा सगळं गाव त्याला भेटायला आलं आणि सगळ्या गावाने त्याला तीनच प्रश्न विचारले. पगार किती, दारू फुकट असते का, आणि वादळ आलं होतं का. पगाराचं त्याने हसण्यावारी नेलं. दारू त्याच्या बोटीवर चालतच नाही. वादळ आलं नव्हतं. मग काय झालं, असं विचारल्यावर तो म्हणाला, "काहीच नाही झालं. काही होऊ नये म्हणूनच तर आम्ही पंचवीस जण तिथे असतो." हे ऐकून लोक हिरमुसले. सहा महिने समुद्रावर राहून ज्याच्याकडे सांगायला एक वादळ नाही, एक चाचा नाही, तो कसला बोटीवर! पारावर ठरलं की पोरगं बहुतेक उरणलाच कुठेतरी कामाला असावं.

घरात त्याची नोकरी नीट समजली ती एकट्या आईला. माझी आई, म्हणजे त्याची आजी, ऐंशीच्या पुढची. मुंबईला दोनदा गेली, त्यात समुद्र एकदाच पाहिला आणि म्हणाली, "लईच हाय." पण स्वयंपाकघरात पाटावर बसून लसूण सोलता सोलता तिने नातवाकडून त्या बोटीची जी उलटतपासणी घेतली, ती मी दाराशी बसून ऐकलेली आहे.

"गॅस पातळ कसा काय करता?"

"गार करून, आजी. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत गार केला की त्याचं पाणी होतं. पण बाहेर आखातात ४५ अंशांचं ऊन. टाकीला कितीही गोधड्या गुंडाळा, थोडी ऊब आत जातेच, आणि गॅस उकळायला लागतो."

"गार असून उकळतो?"

"त्याला तेवढं ऊन पण पुष्कळ होतं. मग वर आलेली वाफ मशिनने ओढायची, दाबायची, परत पातळ करायची, परत टाकीत सोडायची. हे रात्रंदिवस."

आईने लसणाची पाकळी ताटलीत टाकली. "म्हंजी दूध उतू जाऊ नये म्हणून चोवीस तास पातेल्यापाशी हुबं ऱ्हायचं. पगार किती म्हणालास?"

हा तोच प्रश्न होता जो साऱ्या गावाने विचारला होता, पण आईच्या तोंडी तो वेगळा वाटला. पासष्ट वर्षं ती हेच करत आली होती.

पुतण्याची त्याआधीची बोट एलएनजीची होती. तो गॅस वेगळा, मिथेन. पाइपातून स्वयंपाकघरात येतो तो. त्याला पातळ करायला उणे १६२ अंशांपर्यंत न्यावं लागतं. मग सहाशे लिटर वायू एका लिटरच्या भांड्यात बसतो. हा उद्योग जगाने पहिल्यांदा १९५९ साली केला. 'मिथेन पायोनियर' नावाच्या, दुसऱ्या महायुद्धातल्या एका मालवाहू बोटीला आतून बाल्सा या हलक्या लाकडाचं अस्तर लावलं आणि अमेरिकेतल्या लुइझियानाहून इंग्लंडला गॅस नेला. आपल्याकडे तसली पहिली बोट यायला २००४ उजाडलं. 'दिशा' तिचं नाव, कतारहून निघून गुजरातेत दहेजला लागली. हे सगळं पुतण्याने आम्हाला सांगितलं. आईने त्यातलं एवढंच विचारलं, की इतकं गार काही पोलादाच्या भांड्यात एकदम ओतलं तर भांडं तडकत नाही का?

"तडकेल ना! म्हणून आधी टाकी हळूहळू गार करायची. थोडं थोडं शिंपडत. तास न् तास."

"काचेच्या पेल्यात चहा वतताना चमचा ठिवत्यात तसं." मग थोडं थांबून, "आन् टाकी अगुदर रिकामी असती तवा तिच्यात काय असतं? वारा?"

पुतण्या चमकला. तो म्हणाला, हा प्रश्न कॉलेजात दुसऱ्या वर्षाला येतो. टाकीत हवा असताना गॅस सोडला तर घात. म्हणून बोट दुरुस्तीहून आली की आधी टाकीत निष्क्रिय वायू भरून हवा बाहेर काढतात. बोटीवरच इंधन जाळून, त्याचा धूर धुऊन, सुकवून, तो आत सोडायचा.

"धुरी दिल्यागत," आई म्हणाली. "लोणच्याच्या बरणीला हिंगाची देतो तशी." आणि वहिनीकडे पाहून, "तू देत न्हाईस. म्हणून तुझ्या लोणच्याला बुरशी येती." बोटीचा विषय अशा तऱ्हेने काही वेळ बाजूला पडला.

पुढे तिने त्याला आणखी एका बाबतीत गाठलं. पुतण्या सांगत होता की एलएनजी पोचवून परत जाताना टाक्या साफ रिकाम्या करत नाहीत. तळाशी थोडा गॅस मुद्दाम ठेवतात. तो टाकी गार राखतो. म्हणजे पुढच्या वेळी भरताना सुरुवातीपासून सुरुवात नको. इंग्रजीत त्याला टाच अशा अर्थाचा शब्द आहे. आई म्हणाली, "टाच कशापायी? इरजण म्हणावं." आज माझ्यापुरता तरी जगातल्या सगळ्या एलएनजी बोटींच्या तळाशी विरजण असतं.

आणि जो गॅस वाटेत उकळून वर येतो, तो या बोटी इंजिनात जाळतात आणि त्यावरच चालतात. दिवसाला साठ्याच्या हजारात एखादा हिस्सा. हे ऐकताना मला आमच्या कासारसाईच्या संत तुकाराम साखर कारखान्याला जाणाऱ्या बैलगाड्या आठवल्या. पुढच्या गाडीतला ऊस मागच्या गाडीचा बैल ओढून खातो आणि खात खातच कारखान्यापर्यंत पोचतो. फरक एवढाच, की बोट दुसऱ्याच्या गाडीतलं खात नाही.

आता वासाचं. आईची रात्रीची एक पद्धत आहे. झोपायच्या आधी रेग्युलेटर बंद करते, मग ओट्याशी वाकून नाकाने दोनदा हुंगते, मग दिवा मालवते. दिवा आधी नाही. हा क्रम आमच्याकडे सिलेंडर आल्यापासून एकदाही चुकलेला नाही. माझ्या लग्नाच्या रात्रीही तिने वऱ्हाड ओलांडून जाऊन हुंगलं होतं. तर तिला नातवाने सांगितलं की बोटीवरच्या गॅसला वासच नसतो.

"मग तो गॅस कसला?"

"गॅसला मुळात वास नसतोच, आजी. गळला तर माणसाला कळावा म्हणून नंतर मुद्दाम घालतात. अगदी थोडासा."

"वरनं? फोडणीसारखा?"

"तसंच. इथाइल मर्कॅप्टन म्हणतात त्याला."

"हा कितवा कॅप्टन बोटीवरचा?"

बोटीवर नाकाचा उपयोग नाही म्हणून तिथे माणसागणिक गळपट्टीला लावायचा गॅस मीटर असतो, जागोजागी हवा चाखणारी यंत्रं असतात, ती बोंबलली की सगळा कारभार आपोआप बंद पडतो. डेकवर मोबाइल न्यायचा नाही, काडेपेटी नाही, लायटर नाही. बॅटरीसुद्धा ठिणगी न उडवणारी, खास. ओढणाऱ्यांसाठी आत एक खोली ठरवून दिलेली, बंदराला लागल्यावर तीही कधी बंद. माल चढवण्या-उतरवण्याआधी बोटीचा माणूस आणि जेट्टीचा माणूस समोरासमोर बसून यादी वाचतात. हे केलं का, केलं; ते बंद का, बंद; दोघांच्या सह्या. आईने हे सगळं ऐकून घेतलं आणि आपल्या मुलाकडे, म्हणजे दादाकडे, जो मोरीत बसून विडी ओढतो, फक्त पाहिलं. यादी वाचली नाही.

कॅप्टनबद्दल लोकांच्या मनात जे चित्र असतं, सुकाणू धरून उभा वगैरे, तेही पुतण्याने पुसून टाकलं. गॅसचं सगळं ओझं कॅप्टनच्या हाताखालच्या चीफ मेटच्या डोक्यावर. टाकीचा दाब, तापमान, कुठली झडप कधी उघडायची, पंप कधी थांबवायचा, हे त्याचं. कॅप्टनचं काम जबाबदार असणं. हे मात्र पाराला लगेच पटलं. सरपंच आणि ग्रामसेवक.

पण ज्या एका गोष्टीवर घराचा, पाराचा आणि वाण्याच्या दुकानाचा अजून विश्वास बसलेला नाही, ती बोटीच्या स्वयंपाकघराची. तिथे गॅस नाही. शेगडी विजेची. ३१ लाख सिलेंडरांइतका गॅस पायाखाली असताना चीफ कुक विजेच्या तव्यावर पोळ्या भाजतो, आणि त्या फुगत नाहीत. पुतण्याची सहा महिन्यांतली खरी तक्रार हीच. वादळ नाही, एकटेपणाही नाही, फुलका नाही. ज्वाळेवर टाकल्याशिवाय फुलका होत नाही, आणि त्या बोटीवर ज्वाळा दिसली तर फुलक्याचा विचार करायला कुणी उरणार नाही.

वाण्याने विचारलं, "पण एक नळी काढून घ्यायला काय होतं?" गावातली निम्मी विजेची जोडणी ज्या विचाराने झालेली आहे, तोच हा विचार.

गणपतीतही तेच. पुतण्याने बोटीवरच्या गणपतीचा फोटो पाठवला. मखर पुठ्ठ्याचं, छान केलेलं, फुलं कागदी, मोदक तांदळाच्या कुकरमध्ये उकडलेले. समई मात्र बॅटरीची, उदबत्ती नाही, कापूर नाही. आरतीच्या ताटात मधोमध एक टॉर्च उभी केलेली. वहिनीला भरून आलं. आई बराच वेळ फोटो जवळ-लांब धरून बघत होती. मग म्हणाली, "देवाला कळतंय. गॅस हाय म्हटल्यावर त्यो बी न्हाई म्हणायचा न्हाई."

लोकांना वाटतं पोरगं जग फिरतंय. पोराने काय फिरलं ते त्याने मला एका रात्री गच्चीवर सांगितलं. सकाळी आठ ते बारा ड्यूटी, रात्री आठ ते बारा ड्यूटी, बंदराला लागलं की सहा तास चालू, सहा तास बंद. आखातात सौदीच्या किंवा अमिरातीच्या किनाऱ्यावर एखाद्या लांबलचक जेट्टीला लागायचं. गॅसच्या जेट्ट्या गावापासून दूर, समुद्रात आत काढलेल्या असतात. तिथून शहर दिसतं ते रात्री, दिव्यांची रेघ म्हणून. दीड-दोन दिवसांत भरून निघायचं. चार दिवसांत मुंबईचा किनारा. उरणजवळच्या जेट्टीला लागायचं, रिकामं करायचं, परत. उरणला आलं की त्याच्या फोनला आपली रेंज येते. तिथून जांबे शंभर किलोमीटरच्या आतबाहेर. बोट सोडून येता येत नाही. तो फोन करतो, वहिनी विचारते काय जेवलास, तो सांगतो, आणि मग कुणीतरी त्याला मॅनिफोल्डवर, म्हणजे गॅसच्या नळ्या जोडतात तिथे, बोलावतं.

या वाटेत होर्मुझची सामुद्रधुनी लागते. भारताला बाहेरून येणाऱ्या एलपीजीपैकी बराचसा तिथूनच येतो. ती सगळ्यांत अरुंद आहे तिथे तेहतीसेक किलोमीटर, आणि एवढ्याशा जागेतून जगाच्या तेलाचा आणि गॅसचा मोठा हिस्सा जातो. पण तिथे शिस्त अशी, की जाणाऱ्यांसाठी दोन सागरी मैलांची एक लेन, येणाऱ्यांसाठी तेवढीच दुसरी, आणि मध्ये दुभाजक म्हणून दोन मैल नुसतं पाणी. पावणेचार किलोमीटर रुंदीचा दुभाजक! हिंजवडीच्या शिवाजी चौकात संध्याकाळी साडेसहाला अडकलेल्या माणसाला हे सांगून बघा. तिथे दुभाजकावरूनही दुचाक्या जातात. पुतण्या म्हणतो, होर्मुझमधून रात्री बोट काढताना भीती वाटते ती छोट्या, दिवा न लावलेल्या होड्यांची. एरवी राँग साइडने कुणी येत नाही. सुट्टीत तो दादाची गाडी घेऊन वाकडपर्यंत गेला आणि परत आला तो घामाने भिजून. पाच-सहा महिने सव्वादोनशे मीटर लांबीची बोट हाताळलेला माणूस म्हणाला, "काका, इथे तुम्ही चालवा."

गॅसच्या बोटींचा विषय निघाला की महाराष्ट्राने एक बंदर सांगितलंच पाहिजे, ते दाभोळचं. गुहागर तालुक्यातल्या त्या प्रकल्पाचं जुनं नाव एन्रॉन. ते नाव घेतलं की पन्नाशीपुढचा मराठी माणूस अजूनही खुर्चीत जरा पुढे सरकून बसतो. सरकारं आली, गेली, करार बुडवला, पुन्हा वर काढला, २००१ मध्ये वीज बंद पडली आणि त्याच वर्षअखेरीला अमेरिकेतली मूळ कंपनी दिवाळखोरीत गेली. त्या सगळ्यातून शिल्लक राहिलेल्या एलएनजीच्या धक्क्याला नियमित बोटी लागायला २०१३ उजाडलं. आणि लागल्या त्याही आठ महिने. कारण लाटा अडवणारा बांध अपुरा होता. मे संपत आला की खवळलेल्या समुद्रात बोट धक्क्याला बांधता येईना. मग पुढची कित्येक वर्षं जगातला हा अत्याधुनिक गॅसचा धक्का पावसाळ्यात बंद राहायचा. बाजूच्या वेळदूरचे कोळी होड्या ओढून, शाकारून ठेवतात, तसाच हा. कोळी नारळी पौर्णिमेला नारळ वाहून पुन्हा पाण्यात जातात. कंपनी काय वाहायची कोण जाणे. अब्जावधींच्या यंत्राला कोकणाने शेवटी आपल्या पंचांगात बसवलं, याचं मला तरी कौतुक वाटतं.

बोटीला झेंडा लागतो. पुतण्याची बोट कोरियात बांधलेली, मालक एकीकडे, माणसं आपली आणि फिलिपाइन्सची, आणि पाठीवर नाव कोरलंय पनामाचं. बोट काही पनामात राहत नाही. गाडी पुण्यात फिरवायची आणि पासिंग दमणचं करायचं, त्यातला प्रकार. आणि बोटीवरच्या या नोकरीमुळे आमच्या घरात एक नवाच हिशेब सुरू झाला. वर्षात १८२ दिवसांच्या आत देशात राहिला तर तो अनिवासी, बोटीवरच्या कमाईवर इथला कर नाही. म्हणून दादा कालनिर्णयवर एका बाजूला एकादश्या आणि दुसऱ्या बाजूला पोराचे दिवस मोजतो. मार्चअखेर आली की घरात कुजबुज सुरू होते. आईला हे समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हंजी लेकरू घरी ऱ्हायलं की सरकार दंड घेतंय." कर सल्लागाराने आम्हाला हेच सांगायला अर्धा तास आणि फी घेतली होती.

लग्न ठरलं. मामांना पोराच्या बोटीचा फोटो दाखवला, त्यांनी तो फोन आडवा-उभा करून पाहिला, आणि विचारलं, "ही सगळी टाकीच का?" जवळजवळ सगळी टाकीच. मागच्या टोकाला एक पाच-सहा मजल्यांची पांढरी बिल्डिंग, तीत माणसं राहतात. "आमच्या सोसायटीसारखंच," मामा म्हणाले, "टाकी मोठी, माणसं थोडी," आणि तिथे त्यांनी होकार दिला.

मुहूर्ताचा घोळ मात्र झाला. गुरुजींनी तीन तारखा काढल्या. पुतण्या म्हणाला, तारीख गुरुजी नाही, रिलीव्हर काढतो. त्याच्या जागी येणारा माणूस बोटीवर चढल्याशिवाय हा उतरू शकत नाही. त्या माणसाचा व्हिसा, त्याचं मेडिकल, त्याचं विमान, आणि बोट त्या दिवशी नेमकी कुठल्या बंदरात असेल ते. गुरुजींनी पत्रिका मागितली ती मुलाची आणि मुलीची. खरी बघायला हवी होती रिलीव्हरची. दोन मुहूर्त हुकले. हॉलवाल्याने दुसऱ्यांदा आगाऊ पैसे परत द्यायला नकार दिला तेव्हा दादाला पहिल्यांदा पोराच्या नोकरीत धोका आहे असं वाटलं.

आता रिलीव्हर आला आहे. पोरगं गेल्या रविवारी घरी आलं. आल्या आल्या स्वयंपाकघरात गेलं, आणि आईने स्वतः उठून त्याला फुलके करून घातले, ज्वाळेवर, टम्म फुगलेले. चौथ्या फुलक्याला गॅस निळ्याचा पिवळा झाला आणि फुस्स करून गेला. सिलेंडर संपला. पुतण्याच्या बोटीने सोडलेला गॅस उरणहून पाइपलाइनने चाकण-शिक्रापूरला येतो, तिथे सिलेंडरमध्ये भरला जातो. आखात ते उरण चार दिवस. आम्ही नव्या सिलेंडरचा नंबर लावला आहे त्याला आज सहावा दिवस आहे. गाडी "निघालीय" असं कळतं. तोवर शेजारच्यांकडून विजेची शेगडी आणली आहे. पोळ्या फुगत नाहीत. पुतण्या काही बोलत नाही, सवयीने खातो.

लग्न येत्या मंगळवारी, जांब्यातच, शाळेमागच्या पटांगणात. अगत्याने यायचं. हिंजवडीच्या चौकातून येऊ नका, पुनावळ्याकडून या. आणि जेवायच्या मंडपात, आचाऱ्याच्या बाजूला, विडी पेटवू नका. आई तिथे खुर्ची टाकून बसणार आहे.